शितावरून भाताची परीक्षा : नमुना पाहणीचे आकडे कसे वाचावेत?

(तालुका पातळीवरील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या प्रशिक्षण वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



मी कलाशाखेचा पदवीधर आहे. संख्याशास्त्र हा माझ्या अभ्यासाचा विषय नव्हे. तथापि शासनाची माहिती जनतेपर्यंत पोहोचविण्याचे काम करताना आकड्यांशी रोजचाच संबंध येतो. अमुक टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले, बाजरीचे हेक्टरी उत्पन्न इतके किलो आले, इतके टक्के विद्यार्थी अस्खलित वाचू शकतात, अशी विधाने आपण रोज वाचतो आणि पुढे सांगतो. यांपैकी बहुतेक आकडे घरोघर मोजून काढलेले नसतात. थोडी घरे, थोडी शेते किंवा थोडे विद्यार्थी निवडून त्यांवरून सर्वांविषयी अनुमान केलेले असते. हे अनुमान किती भरवशाचे आहे आणि तो भरवसा कसा मोजतात, एवढाच आज माझा विषय आहे.

थोड्यांवरून सर्वांची पारख

शितावरून भाताची परीक्षा हे आपल्या घरातील नित्याचे शास्त्र आहे. भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी गृहिणी सारे भांडे रिकामे करीत नाही, चार शिते दाबून पाहते. धान्याचा व्यापारी पोत्यात पोकळ सळई खुपसून मूठभर दाणे काढतो आणि त्यांवरून भाव ठरवितो. मात्र ही परीक्षा खरी ठरण्यास एक अट आहे. भात नीट ढवळलेला असला पाहिजे. वरची चार शिते पाहून तळच्या करपलेल्या भाताविषयी काही सांगता येत नाही.

गावे, शेते आणि माणसे काही ढवळता येत नाहीत. म्हणून संख्याशास्त्राने दुसरा मार्ग काढला : भांडे ढवळता येत नसेल, तर शिते चिठ्ठ्या टाकून उचलावीत. प्रत्येक घराला किंवा शेताला निवडले जाण्याची ठरावीक संधी मिळावी आणि निवड करणाऱ्याच्या इच्छेला तेथे जागा नसावी, यालाच यादृच्छिक निवड म्हणतात.

मग सगळेच का मोजू नये, असे कोणी विचारील. जनगणनेत आपण तेच करतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ इतकी मोजली गेली. परंतु असे काम दर महिन्याला किंवा दर हंगामाला करता येत नाही. शिवाय सगळे मोजले म्हणजे चूक राहत नाही असेही नाही. जनगणनेत किती माणसे सुटली हे पाहण्यासाठी मागाहून एक छोटी, काटेकोर नमुना पाहणी केली जाते. २०११ च्या गणनेनंतरच्या अशा पाहणीत देशभरात दर हजारी सुमारे २३ माणसे सुटल्याचे आढळले. म्हणजे मोठ्या मोजणीची तपासणीही शेवटी नमुन्यानेच करावी लागते.

या शास्त्रात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे. प्राध्यापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यास भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली आणि १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या क्षेत्राच्या नमुना पाहण्या हाती घेतल्या. एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने काढावेत, दोन वेगळ्या तुकड्यांकडून ते तपासून घ्यावेत आणि उत्तरे ताडून पाहावीत, ही त्यांची पद्धत. दोन तुकड्यांच्या उत्तरांत फार अंतर पडले तर आकड्यावर विसंबू नये, हे त्यातून कोणालाही समजते. राष्ट्रीय नमुना पाहणीचे काम १९५० मध्ये सुरू झाले, तेही त्यांच्याच प्रेरणेने. त्यांचा जन्मदिवस, २९ जून, २००७ पासून सांख्यिकी दिन म्हणून पाळला जातो.

सरासरीचे अनुमान : पीककापणीचा प्रयोग

आता प्रत्यक्ष उदाहरणाकडे वळू. आपल्यापैकी अनेकांनी पीककापणीचा प्रयोग पाहिला असेल. निवडलेल्या शेतात यादृच्छिक आकड्यांच्या साहाय्याने नैऋत्य कोपऱ्यापासून अंतर मोजून जागा ठरविली जाते आणि अनेक पिकांसाठी १० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा प्लॉट आखला जातो. तेवढ्यातले पीक कापून, मळून, दाणे वाळवून वजन केले जाते. प्लॉट ५० चौरस मीटरचा आणि हेक्टर १०,००० चौरस मीटरचा, म्हणून प्लॉटच्या उत्पन्नाला २०० ने गुणले की हेक्टरी उत्पन्न मिळते.

पंतप्रधान पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. तिच्या त्या वेळच्या मार्गदर्शक सूचनांत विमा क्षेत्र महसूल मंडळ असल्यास एका पिकासाठी किमान १० प्रयोग, तर गाव असल्यास प्रमुख पिकासाठी किमान ४ प्रयोग सांगितले होते. म्हणजे हजारो हेक्टरांचे उत्पन्न दहा प्लॉटवरून ठरावयाचे. हे कितपत योग्य आहे?

समजा, एका मंडळात बाजरीच्या दहा प्लॉटमध्ये वाळलेल्या दाण्यांचे वजन किलोमध्ये असे भरले : ४.२, ५.१, ३.६, ४.८, ६.०, ३.९, ४.५, ५.४, २.७ आणि ४.८. हे आकडे समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत. त्यांची बेरीज ४५ आणि सरासरी ४.५ किलो येते. हेक्टरी उत्पन्न झाले ९०० किलो.

परंतु चिठ्ठ्या दुसऱ्या निघाल्या असत्या, तर शेते दुसरी आली असती आणि सरासरीही वेगळी आली असती. किती वेगळी? याचे उत्तर त्या दहा आकड्यांतच दडलेले आहे. प्रत्येक वजन सरासरीपासून किती दूर आहे ते पाहावे, त्या अंतरांचे वर्ग करावेत, त्यांची बेरीज घ्यावी. येथे ती ८.१ येते. तिला प्लॉटच्या संख्येतून एक वजा करून, म्हणजे ९ ने, भागावे. उत्तर ०.९ आले. याचे वर्गमूळ सुमारे ०.९५ किलो. याला प्रमाण विचलन म्हणतात. शेताशेतांतला चढउतार किती आहे हे ते सांगते.

आपल्याला मात्र एकेका शेताच्या चढउताराहून सरासरीचा चढउतार हवा आहे. दहा शेतांच्या सरासरीत एकाची कमतरता दुसरे भरून काढते, म्हणून सरासरी एकट्या शेताइतकी हेलकावत नाही. ०.९ ला १० ने भागून वर्गमूळ काढले की ०.३ किलो येते. ही सरासरीची प्रमाण त्रुटी. 'त्रुटी' या शब्दाने कोणी दचकू नये. येथे कोणाचीही चूक झालेली नाही. सर्वांऐवजी थोडे पाहिल्यामुळे आलेली ती अपरिहार्य अनिश्चितता आहे.

आता या त्रुटीची काही पट सरासरीच्या दोन्ही बाजूंस ठेवावयाची. नमुना मोठा असेल तर १.९६ पट, म्हणजे जवळजवळ दुप्पट. नमुना लहान असेल तर चढउताराचा अंदाजही कच्चा असतो, म्हणून पट थोडी वाढवावी लागते. हा शोध डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांचा. १९०८ मध्ये तो त्यांनी 'स्टुडंट' या टोपणनावाने प्रसिद्ध केला. दहा निरीक्षणांसाठी त्यांच्या कोष्टकातून २.२६ ही पट मिळते. ०.३ ची २.२६ पट म्हणजे सुमारे ०.६८ किलो. यास्तव सरासरी ३.८२ ते ५.१८ किलो यांच्या दरम्यान, म्हणजे हेक्टरी सुमारे ७६४ ते १,०३६ किलो. हाच पंच्याण्णव टक्क्यांचा विश्वास-अंतराल.

'पंच्याण्णव टक्के' म्हणजे काय?

या शब्दांचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. पंच्याण्णव टक्के शेतांचे उत्पन्न या मर्यादांत आहे, असा त्याचा अर्थ मुळीच नाही. आपल्याच दहा प्लॉटपैकी चार या मर्यादांच्या बाहेर आहेत. हा अंतराल सरासरीविषयी आहे.

जत्रेतला कड्यांचा खेळ आठवा. खुंटी जमिनीत घट्ट रोवलेली असते आणि आपण लांबून कडी फेकतो. मंडळाची खरी सरासरी ही ती खुंटी. ती हलत नाही, परंतु आपल्याला दिसतही नाही. दर वेळी काढलेला नमुना आणि त्यावरून आखलेला अंतराल ही आपली कडी. नियमाप्रमाणे निवड करून हा खेळ शंभर वेळा खेळला, तर सुमारे पंच्याण्णव वेळा कडी खुंटीला वेढते आणि पाचएक वेळा हुकते. आपल्या हातातली कडी त्या पंच्याण्णवांतली की पाचांतली, हे कोणी सांगू शकत नाही. भरवसा पद्धतीवर आहे, आणि तो मोजलेला भरवसा आहे. पोलिश संख्याशास्त्रज्ञ येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये ही विचारसरणी सविस्तर मांडली.

टक्केवारीचे अनुमान

हीच रीत टक्केवारीला लागू पडते. समजा, तालुक्यातील १२ ते २३ महिने वयाच्या बालकांच्या यादीतून ४०० बालके यादृच्छिक रीतीने निवडली आणि त्यांपैकी ३२० जणांचे लसीकरण पूर्ण आढळले. म्हणजे ८० टक्के. प्रमाण त्रुटी काढण्यासाठी ०.८० ला ०.२० ने गुणावे, ४०० ने भागावे आणि वर्गमूळ घ्यावे. ०.०२, म्हणजे २ टक्के. त्याच्या सुमारे दुप्पट ४. यास्तव खरी टक्केवारी ७६ ते ८४ यांच्या दरम्यान असावी.

नमुना १०० बालकांचाच असता, तर मर्यादा ७२ ते ८८ अशा रुंदावल्या असत्या. १,६०० बालके पाहिली असती, तर त्या ७८ ते ८२ अशा जवळ आल्या असत्या. अनिश्चितता निम्मी करावयाची तर नमुना चौपट करावा लागतो. काम चौपट, खर्च चौपट, लाभ दुप्पट. हा हिशेब पाहणीचे नियोजन करणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने ध्यानात ठेवावा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मोठ्या जिल्ह्यासाठी मोठा नमुना हवा, किमान दहा टक्के लोक पाहिले पाहिजेत, असे अनेकांना वाटते. वस्तुतः लोकसंख्या नमुन्याच्या मानाने खूप मोठी असेल, तर अचूकता नमुन्याच्या आकारावर अवलंबून असते, लोकसंख्येच्या आकारावर नव्हे. शीत दाबून पाहताना पातेले घरचे आहे की लग्नघरचे, याने फारसा फरक पडत नाही.

मात्र प्रत्यक्षात ४०० बालके तालुकाभर विखुरलेली शोधण्याऐवजी काही गावे निवडून प्रत्येक गावातून काही बालके घेतली जातात. लसीकरणाच्या पाहणीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने प्रचारात आणलेली ३० वस्त्या आणि प्रत्येकी ७ बालके ही पद्धत याच प्रकारची. त्यात सोय आहे, पण एका गावातली बालके पुष्कळदा सारख्याच परिस्थितीत असतात. तेथे परिचारिका नियमित येत असेल तर सर्वांना लस मिळते, न आल्यास कोणालाच मिळत नाही. अशा वेळी ४०० बालके ४०० स्वतंत्र साक्षीदारांइतकी माहिती देत नाहीत आणि वर काढलेली ४ टक्क्यांची मर्यादा साडेपाच-सहा टक्क्यांपर्यंत वाढू शकते.

आणखी एक सूचना पंचायत सदस्यांसाठी. गावातील ३० घरांचे पाणी तपासले आणि एकाही नमुन्यात दोष आढळला नाही, तर गाव निर्दोष ठरले का? दोष शून्य आढळल्यास ३ ला नमुन्याच्या संख्येने भागावे, असा एक सोपा नियम आहे. ३ भागिले ३० म्हणजे १० टक्के. मोठ्या गावात दहा घरांपैकी एका घराचे पाणी दूषित असूनही आपल्या तीस नमुन्यांत ते न सापडणे शक्य आहे.

तुलना करताना सबुरी

आकड्यांवरून चढाओढ लावण्याची आपल्याला हौस असते. समजा, दोन केंद्रांतून प्रत्येकी २५ विद्यार्थी निवडून वाचन तपासले. एका केंद्रात १५ जणांना, म्हणजे ६० टक्क्यांना, आणि दुसऱ्यात १८ जणांना, म्हणजे ७२ टक्क्यांना, वाचता आले. पहिल्या केंद्राच्या शिक्षकांना जाब विचारावा का? हिशेब केला तर या १२ टक्क्यांच्या फरकाभोवतीची अनिश्चितता दोन्ही बाजूंस सुमारे २६ टक्के भरते. दोन्ही केंद्रे सारखीच असली, तरी एवढा फरक निवडीच्या योगायोगानेही पडू शकतो. एवढ्या पुराव्यावर कोणाचा सत्कार करू नये आणि कोणाला नोटीसही देऊ नये.

राज्याच्या आकड्यांनाही हेच लागू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार वयाच्या मानाने उंची कमी असलेल्या पाच वर्षांखालील बालकांचे प्रमाण महाराष्ट्रात २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते आणि २०१९-२१ मध्ये ३५.२ टक्के आढळले. फरक एका टक्क्याहूनही कमी. खुंटलेली बालके वाढली, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही आणि ती घटली, असा दावा करण्यासही आधार नाही. दर तीन बालकांमागे सुमारे एक बालक २०१९-२१ मध्येही या यादीत होते, ही गोष्ट मात्र कोणत्याही अंतरालाने झाकली जात नाही. दशांश चिन्हापुढील आकड्यावर वाद घालण्यापेक्षा या मोठ्या आकड्याकडे लक्ष देणे श्रेयस्कर.

अंतराल जे सांगत नाही

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. विश्वास-अंतराल केवळ निवडीच्या योगायोगाचा हिशेब देतो. निवडच एका बाजूला झुकलेली असेल, तर त्याचा उपयोग नाही. अशा झुकावाला अभिनती म्हणतात. चावडीवर बसलेल्या माणसांना विचारून गावाचे मत ठरविले, दुपारी घराला कुलूप दिसले म्हणून शेजारच्या घरात चौकशी उरकली, वाड्यावस्त्या लांब म्हणून सोडून दिल्या, तर नमुना हजारांचा असला तरी उत्तर चुकीचेच येते. उलट नमुना मोठा असल्यामुळे अंतराल अरुंद दिसतो आणि चुकीच्या उत्तरावर विश्वास अधिक बसतो.

या बाबतीत आपल्या सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे कार्य स्मरणीय आहे. पीककापणीसाठी अगदी लहान प्लॉट घेतले तर उत्पन्न वास्तवाहून अधिक दिसते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले आणि १९४६ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध केले. कारण अगदी साधे आहे. प्लॉटच्या रेषेवर येणारी रोपे आत घेण्याकडे कापणाऱ्याचा कल असतो आणि प्लॉट जितका लहान, तितकी त्याच्या क्षेत्राच्या मानाने कडा मोठी. असे लहान प्लॉट हजारोंनी वाढविले तरी चूक कमी होत नाही. प्लॉट पुरेसा मोठा ठेवणे आणि दोरी ताणून कडा काटेकोर आखणे हाच त्यावर उपाय.

यात कोणाचे काय पणाला लागते, तेही पाहू. आपल्या उदाहरणातील मंडळात बाजरीचे उंबरठा उत्पन्न १,००० किलो आणि हेक्टरी विमा संरक्षण ३०,००० रुपये आहे असे समजा. प्रयोगांवरून उत्पन्न ९०० किलो आले. तूट १० टक्के, म्हणून भरपाई हेक्टरी ३,००० रुपये. आता २.७ किलोचा तो प्लॉट आठवा. "येथे पीक फारच विरळ आहे, जरा पलीकडे घ्या," असे कोणी म्हणाले, प्लॉट हलविला गेला आणि वजन ४.७ किलो भरले. दहांची सरासरी ४.७ झाली, हेक्टरी उत्पन्न ९४० किलो झाले, तूट ६ टक्क्यांवर आली आणि भरपाई १,८०० रुपयांवर घसरली. एका दोरीच्या सरकण्याने मंडळातील प्रत्येक विमाधारक शेतकऱ्याचे हेक्टरी १,२०० रुपये गेले. याच्या उलट चांगले पीक टाळून विरळ जागी प्लॉट नेला, तर चुकीची भरपाई दिली जाईल आणि तो आकडा पुढील वर्षांच्या उंबरठा उत्पन्नालाही खाली ओढू शकेल. म्हणजे नुकसान पुन्हा शेतकऱ्याचेच.

आपल्या अंतरालात, ७६४ ते १,०३६ मध्ये, १,००० हा आकडाही बसतो हे चाणाक्ष श्रोत्यांच्या लक्षात आले असेल. म्हणजे दहा प्रयोगांवरून तूट पडलीच, असे पंच्याण्णव टक्क्यांच्या भरवशाने म्हणता येत नाही. तथापि योजनेचा नियम सरासरीच्या आकड्यावर चालतो, अंतरालावर नव्हे. दैवाचा हा वाटा शेतकरी व विमा कंपनी या दोघांनीही पत्करलेला असतो. प्रयोगांची संख्या वाढविली तर तो कमी होतो. मात्र हा योगायोग निःपक्षपाती राहील हे पाहणे आपल्या हाती आहे आणि तेच आपले कर्तव्य आहे.

चार प्रश्न

समारोप करताना एवढेच सुचवितो की, कोणताही नमुना पाहणीचा आकडा समोर आला की चार प्रश्न विचारावेत. निवड कशी केली, यादीतून चिठ्ठ्या टाकून की सोयीने? किती जण पाहिले आणि ते किती गावांतून आले? अनुमानाच्या दोन्ही बाजूंची मर्यादा किती? आणि निवडलेल्यांपैकी किती जण भेटलेच नाहीत? मोठ्या पाहण्यांच्या सविस्तर अहवालांत नमुना त्रुटींचे परिशिष्ट जोडलेले असते. ते शेवटच्या पानांत असल्याने वाचले जात नाही. ते वाचावे. स्वतः अहवाल लिहिताना "८० टक्के" एवढेच न लिहिता "४०० बालकांच्या पाहणीवरून ८० टक्के, मर्यादा ७६ ते ८४" असे लिहावे.

मर्यादा सांगितल्याने आकड्याची प्रतिष्ठा कमी होते, अशी भीती काहींना वाटते. ती अनाठायी आहे. आपल्याला किती ठाऊक आहे आणि किती नाही, हे जो मोजून सांगतो, त्याच्या शब्दावर ग्रामसभा अधिक विश्वास ठेवते. शिक्षकांनी वर्गात मुलांकडून हा हिशेब करवून घ्यावा. बाजरीची कणसे, शाळेची हजेरी, पावसाचे आकडे, कशावरही तो करता येईल. आणि पुढच्या हंगामात गावात पीककापणीचा प्रयोग होईल, त्या दिवशी पंचायत सदस्यांनी शेतावर जरूर उपस्थित राहावे. दोरी जेथे चिठ्ठीने पडली तेथेच राहते की नाही, एवढे जरी त्यांनी पाहिले, तरी त्या आकड्याची मोठी सेवा घडेल.